गेटवाल्याचे हात

मला माणसं उतरवून घेता येतात. एखादा कसा उभा राहतो, बोलायच्या आधी कसा खाकरतो, चमचा कसा पुसतो, हे मी बघून ठेवतो आणि मग कागदावर त्याची सालपटं काढतो. न्यूजर्सीत, पार्सिपनीला आमचं मराठी मंडळ नवं होतं तेव्हा गणपतीचं नाटक दर वर्षी मीच लिहायचो आणि या एका गुणावर लोक मला लेखक म्हणायचे. गुण कसला, खोड आहे ती. त्या खोडीने मी एका माणसाचा गळा कापला. आता मला फार वाईट वाटतं असं म्हणून मोकळं व्हायची सोय नाही, कारण त्या वेळी मला मजा आली होती.

तो माझा मित्र. माझ्याच ऑफिसात, माझ्याच मजल्यावर इंजिनिअर. वडील मुंबईत गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होते, हा चाळीत अभ्यास करून शिकला आणि माझ्या दोन वर्षं आधी अमेरिकेत आला. चाळिशी गाठली तरी एकटाच होता. लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणायचा आणि कप उचलून सिंककडे जायचा. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असायचा. आपली ताट-वाटी, आपला कप आपणच विसळून रॅकवर उपडा ठेवायचा, आणि बायको मला ऐकवायची की शिका जरा. माझी दोन्ही मुलं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. काका आला की टीव्ही बंद, एवढी त्याची वट होती.

आणि त्याचं अक्षर. तेव्हा इकडे मराठी टाइप करायची काही सोय नव्हती. मंडळाची निमंत्रणं, हळदीकुंकवाची पत्रकं, नाटकाचं स्क्रिप्ट, मीटिंगचं इतिवृत्त, सगळं तो काळ्या शाईने हाताने लिहायचा आणि मग आम्ही झेरॉक्स काढायचो. सुटं, टपोरं अक्षर. म्हणून मंडळाचा चिटणीस तोच, नाटकाचा प्रॉम्प्टरही तोच. शिवाय रविवारी एका चर्चच्या तळघरात बालवर्ग भरायचा, तिथे आमच्या अमेरिकन कार्ट्यांना मुळाक्षरं तोच गिरवायला लावायचा. आमच्या मुलांना आज जे दोन शब्द मराठी लिहिता येतात ते त्याच्या वळणाचे आहेत.

एका शनिवारी दुपारी तो मला न्यूयॉर्कला सिनेमाला घेऊन गेला. इटालियन सिनेमा. मी कुरकुरलो, दोन तास खालची अक्षरं कोण वाचत बसणार? तो म्हणाला, विनोदी आहे रे, चल. त्याने तो आधी दोनदा पाहिला होता हे मला नंतर कळलं.

सिनेमा असा. उत्तरेकडे कुठेतरी फ्रिजचा कारखाना. तिथे युनियनचा एक पुढारी, भरघोस मिशांचा, आवाज असा की मॅनेजरच्या टेबलावरचे कप हलावेत. कामगारांचा जीव की प्राण. मग एका रविवारी समुद्रावर कुणीतरी त्याला गावच्या न्हाव्याच्या हातात हात घालून बसलेला बघतं. झालं. समता आणि न्याय असं लाल फडक्यांवर रंगवणाऱ्या त्या कामगारांची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी. कुणी त्याला फुटबॉलला नेतं, कुणी आपली मेव्हणी दाखवायला घेऊन येतं, कुणी पार्टीच्या पुस्तकात यावर काही लिहिलंय का ते शोधत बसतं. शेवटी गेटवर सभा भरते. पुढाऱ्याला काढायचं का, हात वर करा. सगळे हात वर जातात. युनियनचा निर्णय सगळ्यांनी पाळायचा ही त्याचीच शिकवण, म्हणून तो स्वतःही आपल्याविरुद्ध हात वर करतो. फक्त गेटवरचा म्हातारा पहारेकरी पँटच्या खिशात हात घालून उभा राहतो. त्याला दोघेतिघे ढोसतात, तो ढिम्म. सभा संपते आणि तो तसाच, हात खिशात ठेवून, गेट लावायला निघतो. पायाने लावतो गेट.

माझी हसून हसून मुरकुंडी वळली. शेजारच्या बाईने दोनदा वळून बघितलं. गाडीत बसल्याबसल्या मी जाहीर केलं की यंदाचं गणपतीचं नाटक मिळालं. तो खूश झाला. म्हणाला, गिरणीत घाल, फ्रिज नको. गेटवर सभा आमच्याकडे पण भरायच्या, मी लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा बघितल्यात, मी तुला सगळं सांगतो. मग जरा वेळाने त्याने विचारलं, तू त्या गेटवर असतास तर काय केलं असतंस?

मी म्हटलं, "मी? मी दोन्ही हात वर केले असते."

आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसलो. तोही थोडा हसला. पुढे हायवेवर कॉफीला थांबलो, तेव्हा कपाचं झाकण काढता काढता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तो पुढारी मी आहे. तुला कळावं म्हणून नेलं होतं."

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? माझी मुलं गेल्या शुक्रवारी त्याच्या मांडीवर बसली होती. वीस वर्षांचा मित्र असता तरी हाच आला असता, मला माझी जात माहीत आहे. तोंडाने मी म्हटलं, अरे त्यात काय, अमेरिकेत आहोत आपण. फार मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखं मी ते म्हटलं. तो म्हणाला, नाटकात तुला काय कापायचं ते काप, मी काही बोलणार नाही, फक्त तो म्हातारा ठेव. आपली सगळी माणसं हॉलमध्ये बसलेली असतील. त्यांच्यासमोर एकाने तरी हात खाली ठेवलेला मला बघायचाय. मी म्हटलं, तो गेटवाला मीच करतो. हात खिशात. शब्द दिला.

घरी येऊन तासाभरात मी बायकोला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी टेबलावर कागदी प्लेट्स आणि कागदी कप आले. सगळ्यांनाच, म्हणजे कुणाला वेगळं वाटायला नको. डिशवॉशर बिघडलाय, असं ती म्हणाली. त्या काळात टीव्हीवर रोज एड्सच्या बातम्या असायच्या आणि तो कशाने होतो, कशाने होत नाही, याबद्दल आमच्या पार्ट्यांमध्ये डॉक्टर लोकसुद्धा काहीच्या बाही बोलायचे. डिशवॉशर चांगला ठणठणीत होता, जेवताना आत उद्याच्या पार्टीसाठी काढलेल्या प्लेट्स खडखडत होत्या. तो हाताला लागलेलं वरण पुसत त्या आवाजाकडे बघत राहिला. त्यानंतरच्या शुक्रवारी तो येताना कागदी प्लेट्सचं एक पाकीट घेऊन आला. वहिनी, तुमच्याकडच्या संपल्या असतील, म्हणाला. बायकोने थँक्यू म्हणून ठेवून घेतलं. मी कोशिंबीर वाढून घेतली.

नाटक मी तीन आठवड्यांत लिहून काढलं. पुढाऱ्याचं काम आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना दिलं. ते डॉक्टर, भूल देणारे, उंचेपुरे, आवाज खणखणीत. त्यांच्या हॉस्पिटलात नर्सेसनी स्ट्राइक केला होता तेव्हा यांनी महिनाभर त्यांना शिव्या मोजल्या होत्या, आणि आता तेच गांधी टोपी घालून कामगार एकजुटीचा विजय असो म्हणून ओरडत होते. बाकीचे कामगार म्हणजे दोन सिव्हिल इंजिनिअर, एक बँकवाला आणि एक दातांचा डॉक्टर. गिरणी आतून कुणी पाहिली नव्हती. मित्र रोज तालमीला यायचा आणि सांगायचा, सुपरवायझर नका म्हणू, जॉबर म्हणा. टोपी अशी नाही, अशी. घोषणा देताना मूठ खांद्याच्या वर जाते. त्याच्या वडिलांचं सगळं आयुष्य तो त्या टाय सोडून आलेल्या मंडळींना शिकवत होता आणि त्याला ते आवडत होतं. त्या दोन महिन्यांत तो जेवढा बोलला तेवढा गेल्या पाच वर्षांत बोलला नव्हता.

पण पुढाऱ्यात काही जीव येईना. डॉक्टर नुसतेच ओरडत होते. मग माझी खोड जागी झाली. मित्र ऐकताना एका पायावर भार टाकून, उजव्या हाताने डावं कोपर धरून उभा राहायचा. बोलण्याआधी "म्हणजे काय आहे ना" म्हणायचा. दुसऱ्याच्या घरीसुद्धा चमचा आधी रुमालाने पुसायचा आणि मग रुमालाची चौघडी करून कॉलरमध्ये सारायचा. हे सगळं मी कंसात सूचना म्हणून घातलं. कोपर धरून. रुमाल कॉलरमध्ये सारत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ते असं उचललं की तालमीत हास्याचा स्फोट झाला. सगळे कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून हसले. तिथे तो स्क्रिप्ट मांडीवर घेऊन बसला होता. ते कंसातले शब्द त्याच्याच हाताने, त्याच्याच टपोऱ्या अक्षरात फेअर झाले होते. लिहिताना त्याला कळलं नसेल? पेन एकदा थांबलं होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, आणि मग पुन्हा लिहायला लागला होता. मी समजलो, चालतंय.

त्याला एवढंच माहीत होतं की शेवटी गेटवाल्याचे हात खिशात राहणार आहेत. तेवढ्यासाठी तो सगळं गिळत होता.

प्रयोगाला दहा दिवस राहिले असताना डॉक्टरांनी मला तालमीनंतर पार्किंग लॉटमध्ये गाठलं. माझ्या बायकोने त्यांच्या बायकोला सांगितलं होतंच, मी बायकोला सांगितलं होतं तसं. ते म्हणाले, शेवट पडतोय हो. फॅमिली ऑडियन्स आहे, लोक हसत हसत घरी गेले पाहिजेत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाले, "आणि हात खाली ठेवणारे तुम्हीच का? शुक्रवारी तो तुमच्याकडेच असतो ना जेवायला?"

मी लगेच म्हटलं, बदलतो. लाज वाटली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून. घरी गेलो आणि टेबलाशी बसून दहा मिनिटांत शेवट बदलला. पुढाऱ्याचं एका नर्सशी लग्न लावून दिलं. आणि गेटवाल्याला कामगार ढोसतात, तेव्हा तो खिशातून हात काढतो आणि एक नाही, दोन्ही वर करतो. वर म्हणतो, एक माझा, एक बायकोचा, ती घरी आहे. लिहिताना मी एकटाच हसलो. चांगला विनोद होता, अजूनही वाटतं.

ते पान मी शुक्रवारी त्याला दिलं, फेअर करायला. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. "दोन्ही हात?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, अरे, कमिटीचा आग्रह आहे, लोकांना हलकंफुलकं लागतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तो म्हणाला, नाही, नाही. घरी नेऊन त्याने ते पान लिहून आणलं. एकही खाडाखोड नाही.

गणपतीचा कार्यक्रम एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. दुपारी आरती, मसालेभात, मग नाटक. चारशे माणसं तरी असतील, पुढच्या रांगांत मुलं. पहिली वीस मिनिटं लोक नुसते हसत होते, गांधी टोपीतल्या दातांच्या डॉक्टरला वगैरे. मग पुढाऱ्याने चमचा पुसला, रुमालाची चौघडी केली आणि उजव्या हाताने डावं कोपर धरलं. पुढच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, अगदी आनंदाचा, स्पष्ट इंग्रजीतला. हे, ही इज डुइंग काका! बालवर्गातली होती. तिच्या शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आपल्या काकांचं कौतुकच चाललंय.

हॉलला मात्र कळलं. हसण्याचा सूर बदलतो तो स्टेजवर उभ्या असलेल्याला लगेच ऐकू येतो. आधी लोक खुर्चीत टेकून हसत होते, आता पुढे वाकून हसायला लागले. सभेचा प्रवेश आला. हात वर झाले. मला ढोसलं. मी खिशातून दोन्ही हात काढून वर केले, वाक्य टाकलं, आणि छप्पर उडालं. मागून कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर. मग सगळेच.

आता वन्स मोअर मिळाला की द्यायचा, ही आपली रीत. आम्ही प्रवेश मागे नेला. पुन्हा ढोसलं, पुन्हा हात. पुन्हा वन्स मोअर. विंगेत तो स्टुलावर बसला होता, स्क्रिप्ट गुडघ्यावर. गेटवाल्याची जागा नेमकी त्या विंगेच्या तोंडाशी होती, माझ्यापासून चार फुटांवर. तिसऱ्या वेळी डॉक्टरांना स्वतःलाच हसू आवरेना. पुढाऱ्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून फुटेना. खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी. हॉल वाट बघत शांत झाला. आणि विंगेतून आवाज आला, प्रॉम्प्टरचा, पण कुजबुजता नाही, साधा, बोलण्याचा आवाज. "सगळ्यांचा निर्णय तो माझा निर्णय. मीही हात वर करतो."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. क्षणभर कुणी हसलं नाही. मग असे हसले की पडदा पाडावा लागला. मी त्याच्याकडे बघितलं. तो पान उलटत होता, पुढचा प्रवेश लग्नाचा होता. तेही सगळं त्याने नीट प्रॉम्प्ट केलं. त्या नाटकाइतकं हशा-टाळ्यांचं नाटक मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी कमिटीची मीटिंग माझ्या बेसमेंटमध्ये होती. सात जण. तो चिटणीस म्हणून टेबलाच्या टोकाशी, इतिवृत्ताची वही उघडून. हिशेब, हॉलवाल्याचे आभार वगैरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, एक जरा नाजूक विषय आहे. कुणावर आरोप नाही. पण काही पालकांचं म्हणणं आहे की बालवर्ग यापुढे एखाद्या बाईकडे द्यावा. मुलं लहान आहेत, प्रश्न विचारतात. सगळे कुणाकडेच न बघता बोलत होते. एक बाई म्हणाल्या, तुम्हाला पण जरा रविवार मोकळा मिळेल हो. तो ऐकत होता, उजव्या हाताने डावं कोपर धरून. मग त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने हात सोडला.

डॉक्टर म्हणाले, हात वर करा.

त्याचा हात पहिला वर गेला, डावा. उजव्या हातात पेन होतं. मग एकेक करून बाकीचे पाच. बेसमेंटला हीटिंग नव्हतं, म्हणून माझे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. खरंच म्हणून सांगतो, थंडीच होती. पण ते त्याला दिसले. त्याने सगळे हात मोजले, वहीत आकडा लिहायला वाकला आणि थांबला. वर बघितलं. त्या नजरेत काय होतं हे मला चांगलं कळलं, तिथे न कळण्यासारखं काही नव्हतं. कॉफीच्या कपाचं झाकण काढताना जे त्याने मागितलं होतं तेच तो अजून एकदा मागत होता. डॉक्टरही माझ्याकडे बघत होते.

तो म्हणाला, "तुझा धरू का?"

"धर की," मी म्हटलं, आणि हात वर केला. एकच. एक पुरे होता.

त्याने लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर. पुढे माझं नाव अनुमोदक म्हणून, कारण तिथे कुणाचं तरी नाव लागतंच. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या ओळीचं अक्षर वरच्या ओळींसारखंच आहे, कुठे हललेलं नाही. वसंत ऋतूत तो टेक्सासला प्लेनोला नोकरी घेऊन गेला. जाताना भेटला नाही. मी फोन केला नाही.

त्या दुपारी मीटिंग संपल्यावर सगळे वर स्वयंपाकघरात आले आणि बायकोने चहा दिला, कागदी कपांत. तो चहा न घेताच निघेल असं वाटलं, पण त्याने सगळा प्यायला. मग सवयीने उठला आणि सिंकपाशी गेला. पाणी सोडून त्याने तो कागदी कप आतून बाहेरून विसळला आणि रॅकवर आमच्या स्टीलच्या पेल्यांशेजारी उपडा ठेवला. मंडळी तिथेच उभी होती, सगळ्यांनी बघितलं. तो गेल्यावर मी कप दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला, आणि बायकोने शेजारचे पेले पुन्हा धुवायला घेतले.